टपावरची शिडी, हौद्यातला गंज

बर्फ वितळला, की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ईडन प्रेरीच्या रस्त्यांवर शिड्या दिसू लागतात. फ्लाइंग क्लाउड ड्राइव्ह, प्रेरी सेंटर ड्राइव्ह आणि तिथून पुढे ४९४ किंवा २१२ क्रमांकाचा महामार्ग. सकाळच्या वेळी या रस्त्यांना पिकअप ट्रक लागतात. कित्येकांच्या डोक्यावर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असतो आणि त्यावर दोन-तीन शिड्या आडव्या बांधलेल्या असतात. रंगारी, छपरांची दुरुस्ती करणारे, पन्हळी साफ करणारे, खिडक्या धुणारे अशा सगळ्यांचा हंगाम एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. वर्षाकाठी सरासरी पन्नास इंचांहून जास्त बर्फ पडणाऱ्या या मुलखात बाहेरचे काम उरकायला एवढेच महिने हाती लागतात.

ईडन प्रेरी हे मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येचे उपनगर. १८५२ साली न्यूयॉर्कहून आलेल्या एलिझाबेथ एलेट या लेखिकेने इथल्या गवताळ माळावर खूश होऊन त्याला हे नाव दिले. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६४,१९८ होती. आज त्या माळावर उतरत्या छपरांची घरे, ओक-मेपलची झाडे आणि मोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या भागात राहतात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला इथे घर घेतल्यावर पहिल्याच वर्षी एक गोष्ट समजते. ऑक्टोबरमध्ये पानगळीने पन्हळ तुंबते. वेळीच साफ केली नाही, तर वितळलेल्या बर्फाचे पाणी पुढे सरकत नाही आणि छपराच्या कडेला गोठून बसते. मग एकतर स्वतः शिडी विकत आणायची किंवा शिडीवाल्याला बोलवायचे. दोन्ही वेळा एक चौदा फुटी वस्तू गाडीच्या डोक्यावर बसून महामार्गावरून येणार असते.

टपावरचे कॅरिअर महाराष्ट्राला नवे नाही. एसटीच्या टपावर चढवलेली पोती आणि ट्रंका, त्यासाठी गाडीच्या मागे जोडलेली लोखंडी शिडी, महावितरणच्या जीपवर बांधलेली वायरमनची शिडी, हे सगळे कित्येकांनी पाहिलेले आहे. कॅरिअर म्हणजे चार पाय आणि दोन आडव्या दांड्या, जवळच्या फॅब्रिकेटरकडून तासाभरात वेल्डिंग करून घेण्याची वस्तू, अशीच सर्वसाधारण समजूत असते. गाडी नवी असेल, तर ती समजूत एखादवेळी खपूनही जाते. गाडी जुनी असेल, तर मात्र कामाची सुरुवात कॅरिअरपासून न करता गाडीच्या पोटाखालून करावी लागते.

आणि गाडी बहुधा जुनीच असते. एस अँड पी ग्लोबल मोबिलिटी या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या मोटारी, व्हॅन आणि पिकअप यांचे सरासरी वय १२.६ वर्षे होते. स्वतःच्या जिवावर धंदा करणारा रंगारी नवी कोरी गाडी क्वचितच घेतो. पंधरा-वीस वर्षांची गाडी, तिच्यावर जुन्या बाजारातून आणलेले कॅरिअर, असा त्याचा जोड असतो.

पिकअपची बनावट समजली, की पुढच्या गोष्टी सोप्या होतात. १९२५ साली फोर्डने मॉडेल टी गाडीला मागे लोखंडी हौदा लावून ती २८१ डॉलरला विकायला काढली. कारखान्यातून तयार होऊन आलेली ही पहिली पिकअप. खाली चासी, तिच्यावर पुढे केबिन आणि मागे हौदा, ही रचना आजवर फारशी बदललेली नाही. केबिन आणि हौदा हे दोन वेगळे भाग असून ते चासीला वेगवेगळ्या बोल्टनी जोडलेले असतात. दोहोंमध्ये बोटभर फट सोडलेली असते, कारण खड्ड्यातून जाताना चासी किंचित पिळवटते आणि दोन्ही भाग आपापल्या परीने हलतात.

शिडीच्या कॅरिअरसाठी ही फट फार महत्त्वाची आहे. कॅरिअरचे चारही पाय हौद्यावर उभे राहतात. पुढची दांडी केबिनच्या वरून जाते, पण केबिनला टेकत नाही. हौद्यावरच्या सांगाड्यातून पुढे काढलेल्या हातांवर ती तोललेली असते. काही हौशी मंडळी मागचे पाय हौद्याला आणि पुढचे पाय केबिनच्या टपाला पक्के करून मोकळी होतात. पहिल्याच खराब रस्त्यावर दोन भाग दोन दिशांना ओढतात. मग टपाचा पत्रा तरी फाटतो, नाहीतर सांगाड्याचे वेल्डिंग तरी उकलते.

जुन्या गाडीचा एक मोठा फायदाही आहे. अमेरिकन पिकअपच्या हौद्याच्या काठावर पूर्वीपासून चौकोनी खोबणी ठेवलेल्या असत. लाकडी खुंटे रोवून हौद्याची उंची वाढवता यावी, हा त्यांचा मूळ उपयोग. या खोबणींमध्ये कॅरिअरचे पाय खोलवर बसतात आणि भार काठाच्या पातळ कडेवर न येता आतल्या जाड भागावर येतो. नव्या गाड्यांत ही सोय नेहमी मिळत नाही. टोयोटाच्या टकोमा गाडीचा हौदा २००५ पासून प्लास्टिकसारख्या संमिश्र द्रव्याचा आहे. फोर्डच्या एफ-१५० गाडीची बॉडी २०१५ पासून अ‍ॅल्युमिनियमची झाली. जुन्या व्हॅनलाही असाच एक फायदा आहे. फोर्डच्या इकोनोलाइनसारख्या व्हॅनच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे. तिला चिमटा लावून कॅरिअर घट्ट धरता येते, टपाला भोक पाडावे लागत नाही.

तरीही खोबण किंवा पन्हळ शाबूत असेल तरच हा फायदा खरा. मिनेसोटात नेमकी तिथेच अडचण येते.

हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण विभागाच्या अंदाजाप्रमाणे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या परिसरात दरवर्षी सुमारे ३,६५,००० टन मीठ पसरले जाते. ते पाण्यातही उतरते. ईडन प्रेरी आणि शेजारच्या गावांतून वाहणारी नाइन माइल क्रीक ही छोटी नदी क्लोराइडमुळे दूषित झालेल्या प्रवाहांच्या सरकारी यादीत आलेली आहे. उणे नऊ अंश सेल्सियसच्या खाली साधे मीठ फारसे काम करत नाही, म्हणून त्यात मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. हे क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात. गाडी गॅरेजमध्ये उभी असली, तरी चासीच्या सांध्यांत साचलेला चिखल ओलाच राहतो आणि लोखंड आतून पोखरले जाते.

हा गंज किती खोल जाऊ शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या न्यायालयात गाजले. चासी गंजल्याच्या तक्रारींवरून टकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या मालकांनी टोयोटाविरुद्ध दावा लावला होता. कंपनीने दोष मान्य न करता २०१६ साली तडजोड केली. सुमारे पंधरा लाख गाड्यांची तपासणी आणि गरजेप्रमाणे चासी बदलून देणे असा तिचा व्याप होता आणि खर्चाचा अंदाज ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जात होता. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा कणाच पोकळ असू शकतो, हे त्या निमित्ताने साऱ्या देशाने पाहिले.

म्हणून कॅरिअर विकत घेण्याआधी टॉर्च, लहान हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर एवढी हत्यारे घेऊन गाडीखाली जावे लागते. भाराची वाट वरून खाली अशी जाते: शिडीचे वजन दांडीवर, दांडीचे पायांवर, पायांचे हौद्याच्या काठावर, काठाचे हौद्याच्या तळावर आणि तिथून बोल्टमार्फत चासीवर. तपासणी मात्र खालून वर करायची. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा चासीचा बाक आणि पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, टोके जिथे चासीला लटकतात ती जागा आधी पाहायची. हातोडीने हलके ठोकले, की शाबूत लोखंड खणखणीत वाजते. गंजलेले लोखंड बद्द आवाज करते आणि पापुद्रे गळतात. मग हौदा चासीला धरून ठेवणारे सहा किंवा आठ बोल्ट पाहायचे. त्यांच्या डोक्याभोवतीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबला आणि टोक आत गेले, तर त्या जागेला आधार उरलेला नाही.

शेवटी काठ. तो वरून रंगवलेला आणि बऱ्याचदा प्लास्टिकच्या पट्टीने झाकलेला असतो. पट्टी काढायची आणि काठाखाली हात घालून आतल्या बाजूने बोटे फिरवायची. रंगाखाली फोड आल्यासारखा खरखरीतपणा लागला, तर गंज आतून बाहेर येऊ लागला आहे. वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश, प्रायमर आणि रंग पुरतो. पत्र्याला भोके पडली असतील, तर नवा पत्रा वेल्डिंग करून बसवल्याशिवाय तिथे कॅरिअर लावता कामा नये. क्लॅम्प कितीही महागाचा आणला, तरी तो ज्या पत्र्याला चावतो, त्याच्याहून मजबूत होत नाही.

पुढचा प्रश्न वजनाचा. गाडी वजनासकट जास्तीत जास्त किती भरावी, हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले, की उरते ते माणसांसाठी आणि सामानासाठी. यात कॅरिअरचेही वजन धरावे लागते आणि कित्येकजण तेच विसरतात. लोखंडी कॅरिअर साठ-सत्तर किलोंच्या घरात जाऊ शकते. अ‍ॅल्युमिनियमचे बरेच हलके असते. अठ्ठावीस फुटांपर्यंत उघडणारी शिडी मिटल्यावर चौदा फुटांची होते आणि तिचे वजन वीस ते सत्तावीस किलो भरते. फायबरग्लासची शिडी अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीपेक्षा जड, पण विजेच्या तारांजवळ काम करणाऱ्याला ती घ्यावीच लागते, कारण अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते. दोन शिड्या, एक फळी, रंगाच्या बादल्या आणि दोन माणसे एवढ्यावरच जुन्या गाडीच्या पाट्या बसायला लागतात. कागदावरच्या हिशेबाचा भरवसा नसेल, तर सामान भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पाहणे उत्तम.

हौद्यावर फायबरग्लासचे झाकण असेल, ज्याला मिनेसोटात टॉपर म्हणतात, तर आणखी सावध राहावे लागते. बहुतेक टॉपर ऊन-पाऊस अडवण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्या माथ्यावर किती वजन चालेल, हे बनवणारी कंपनी ठरवून देते. कंत्राटदारांसाठी काढलेल्या मजबूत टॉपरमध्ये आतून लोखंडी चौकट असते. साध्या टॉपरवर रूळ ठोकून शिड्या चढवल्या, की थंडीत कडक झालेले फायबरग्लास स्क्रूच्या भोकापासून तडकू लागते.

लोखंडी की अ‍ॅल्युमिनियम, या प्रश्नाचे उत्तर खिसा आणि हवामान मिळून देतात. लोखंडी सांगाडा स्वस्त, दणकट, आणि वाकला तर गावातला वेल्डर तो सरळ करून देतो. पण रंग उडाला, की मिठाने गंजतो. अ‍ॅल्युमिनियम तसे गंजत नाही. मात्र त्याची लोखंडाशी थेट गाठ पडली आणि मधे खारट पाणी आले, तर दोन धातूंच्या जोडीत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. सांध्यावर पांढरी भुकटी जमू लागली, की ही झीज सुरू झाली असे ओळखावे. उपाय साधा आहे: पाय आणि काठ यांच्यामध्ये रबराची किंवा नायलॉनची जाड गादी.

आता बसवणी. समजा, २००४ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो आहे, काठ शाबूत आहे आणि मालकाने भोके पाडून बोल्ट लावायचे ठरवले आहे. सांगाडा आधी नुसता ठेवून पाहतात. चारही पाय सपाट टेकतात का, मागचा फाळका पुरता उघडतो का, केबिनच्या टपावर पुरेशी मोकळी जागा राहते का, हे पाहून खुणा करतात. खूण केली म्हणून लगेच ड्रिल लावायचे नाही. ड्रायव्हरच्या बाजूला काठाखालून पेट्रोल भरण्याची नळी जाते आणि मागच्या दिव्यांच्या तारा हौद्याच्या खालून जातात. खाली डोकावून दोन्ही कुठे आहेत ते बघितल्याशिवाय भोक पाडणारा कारागीर आगीशी खेळत असतो.

भोक आधी बारीक, मग मापाचे. कडेचे कंगोरे कानशीने घासून काढतात, उघडे पडलेले लोखंड जस्ताच्या प्रायमरने झाकतात, वर रंग देतात आणि तो सुकू देतात. हे अर्ध्या तासाचे काम घाईत गाळले, तर दोन हिवाळ्यांत त्याच भोकापासून गंज चहूकडे पसरतो. काठाच्या खालच्या बाजूने नुसता वॉशर न लावता जाड पत्र्याची पट्टी लावायची, म्हणजे बोल्टची ओढ एका बिंदूवर न येता चार-पाच इंचांवर वाटली जाते. नट आतून नायलॉनचे कडे असलेला घ्यायचा. असा नट धक्क्यांनी सैल होत नाही. चारही पायांचे नट आधी हाताने फिरवून सांगाडा सरळ करायचा आणि मग आळीपाळीने, तिरक्या जोडीने आवळायचे. किती आवळायचे, हा आकडा कॅरिअरच्या माहितीपत्रकात असतो. त्यासाठी टॉर्क पाना वापरायचा. अंगातला जोर लावून आवळणारे लोक जुना पत्रा चेपून टाकतात आणि चेपलेला पत्रा पुढे सैल पडत जातो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. १९९४ च्या मॉडेलपासून अमेरिकेत पिकअपलाही तिसरा ब्रेक दिवा सक्तीचा झाला. तो केबिनच्या मागच्या काचेच्या वर असतो. दांडी किंवा शिडी त्याच्या नेमकी आड आली, तर मागच्या ड्रायव्हरला तो दिसत नाही. बसवणी झाल्यावर एकाला ब्रेक दाबायला सांगून दुसऱ्याने मागे जाऊन पाहिले, की प्रश्न मिटतो.

उभ्या गाडीवर कॅरिअरला फक्त वजन पेलायचे असते. गाडी सुटली, की तीन वेगळ्या ओढी सुरू होतात. ब्रेक लागला, की शिडी पुढे धावते. वळणावर ती बाहेर ढकलली जाते. सांगाडा काठापासून दोन-अडीच फूट उंच असल्याने ही बाजूची ढकल तरफेसारखी पायांच्या बुडाशी येते. म्हणूनच चांगल्या सांगाड्याच्या कोपऱ्यांत तिरके आधार असतात आणि पुढच्या-मागच्या पायांना जोडणारी लांब पट्टी असते. त्या नसलेला सांगाडा दर वळणाला थोडाथोडा डुलतो आणि बोल्टची भोके मोठी करत राहतो.

तिसरी ओढ वाऱ्याची. समोरच्या काचेवर आपटलेली हवा वर उसळते आणि केबिनच्या पुढे आलेल्या शिडीच्या टोकाखाली घुसते. ती शिडीला वर उचलू पाहते. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा जोर चौपट होतो. गावातल्या रस्त्यावर निमूट बसलेली शिडी महामार्गावर चढल्यावर थडथडू लागते, ती याच कारणाने. त्यामुळे पुढचा पट्टा सगळ्यात आधी आणि सगळ्यात काळजीने आवळायचा असतो.

वारा आवाजही करतो. गोल दांडीच्या मागे हवेचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटत राहतात. शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान यांच्या नावाने ही भोवऱ्यांची रांग ओळखली जाते. तीन सेंटिमीटर जाडीच्या दांडीवर ताशी १०० किलोमीटरने वारा आला, तर सेकंदाला सुमारे १८५ भोवरे सुटतात आणि केबिनमध्ये खर्जातली घरघर ऐकू येते. दांडीभोवती जाड दोर नागमोडी गुंडाळला, की भोवरे एका तालात सुटत नाहीत आणि आवाज बसतो. उंच धुराड्यांच्या टोकाला पत्र्याची चढती वेटोळी दिसते, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.

बांधणीत सर्वाधिक भरवशाचा म्हणजे रॅचेटचा पट्टा. एका टोकाला दात्यांची कळ असते, ती मागेपुढे केली की पट्टा आवळत जातो. पट्टा शिडीच्या दोन्ही दांड्यांना वेढून कॅरिअरच्या आडव्या दांडीखालून यायला हवा. नुसता वरून टाकलेला पट्टा शिडीला पुढे-मागे सरकण्यापासून थोपवत नाही. रबरी दोरी तर बांधणीत धरूच नये, कारण ताण आल्यावर लांबणे हाच तिचा गुण आहे. मिनेसोटाच्या थंडीत ओला पट्टा रात्रीतून लाकडासारखा कडक होतो आणि कळीत बर्फ अडकतो. आवळल्यासारखा वाटलेला असा पट्टा ऊन लागल्यावर ढिला पडतो. पाच-सात मैल गेल्यावर गाडी बाजूला घेऊन पुन्हा ओढून पाहणारे कारागीर म्हणूनच शहाणे.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार व्यापारी गाडीवरची बांधणी पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट ओढ सोसणारी हवी. दहा फुटांपेक्षा लांब वस्तूला पुढून अडसर नसेल, तर पहिल्या दहा फुटांना दोन बंध आणि त्यापुढच्या प्रत्येक दहा फुटांना किंवा त्याहून कमी भागाला एक बंध लागतो. म्हणजे चौदा फुटी शिडीला तीन. हे नियम मुख्यतः १०,००१ पौंड किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या, राज्याबाहेर धंदा करणाऱ्या गाड्यांना लागू होतात. एकट्या रंगाऱ्याची लहान पिकअप त्यात येत नाही. पण मिनेसोटाचा कायदा सगळ्यांना सारखा आहे. गाडीवरून काहीही पडणार नाही असे सामान बांधलेच पाहिजे. सामान गाडीच्या मागे चार फूट किंवा जास्त बाहेर आले, तर दिवसा टोकाला फडके आणि रात्री लाल दिवा लावलाच पाहिजे.

भारतात हा नियम अधिक कडक आहे. बाहेर आलेल्या सळ्यांमुळे होणारे मृत्यू सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्यावर केंद्र सरकारने २०१४ मध्ये मोटार वाहन नियमांतली, सामान गाडीबाहेर काढण्याची मुभाच काढून घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा सामानाला २० हजार रुपये दंड आहे. तरी आपल्याकडच्या बाजारपेठांतून टेम्पोच्या मागे सळ्या आणि बांबू लोंबताना दिसतात. लाल फडके बांधले की झाले, हा समज पुसायला अजून वेळ लागणार आहे.

या नियमांमागे माणसांचे जीव आहेत. अमेरिकेच्या एएए फाउंडेशनने २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे दोन लाखांहून जास्त अपघात, सुमारे ३९ हजार जखमी आणि पाचशेहून जास्त मृत्यू झाल्याचे आढळले. त्यातले दोन तृतीयांश अपघात नीट न बांधलेल्या सामानामुळे किंवा देखभालीअभावी सुटून पडलेल्या भागांमुळे झाले होते. मरण पावलेल्यांपैकी बरेचजण वस्तूवर आदळले नव्हते. ती चुकवायला गाडी एकदम वळवली आणि जीव गेला. ताशी १०५ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीवरच्या वीस किलोंच्या शिडीत जेवढी ऊर्जा असते, तेवढी ती चौदा मजली इमारतीवरून खाली टाकल्यावर येईल. जोडशहरांच्या महामार्गांवरून अशा वस्तू उचलण्यासाठी राज्याच्या वाहतूक खात्याची फर्स्ट नावाची पथके फिरतात. १९८७ मध्ये हायवे हेल्पर या नावाने ती सुरू झाली. धावत्या रहदारीत उतरून दुसऱ्याच्या गाडीवरून पडलेली शिडी उचलणारा कर्मचारी स्वतःचा जीव धोक्यात घालत असतो.

ज्या घरमालकाकडे पिकअप नाही, तो दुकानातून घेतलेली शिडी आपल्या एसयूव्हीवर बांधून आणतो. त्यानेही गाडीच्या पुस्तिकेतली टपाची मर्यादा वाचावी. ती अनेक गाड्यांना ७५ किलोच्या आसपास असते, आणि त्यात दांड्यांचे वजन धरलेले असते. टपावरच्या लांब रुळांना आडव्या दांड्या नसतील, तर शिडी थेट पत्र्यावर ठेवून उघड्या खिडक्यांतून दोर फिरवण्यापेक्षा घरपोच मागवलेली बरी.

हंगाम संपला, की कॅरिअर उतरवून ठेवण्यातही शहाणपण आहे. युचे चेन आणि अ‍ॅलन मायर या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार टपावरच्या कॅरिअरमुळे एखाद्या गाडीचा इंधनखर्च पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, आणि रिकाम्या कॅरिअरलाही वारा अडतोच. रोज शिड्या लागणाऱ्या कारागिराला हा सल्ला उपयोगाचा नाही. त्याने हिवाळ्यात निदान दर पंधरवड्याला हौद्याचा काठ आणि चासी गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. बसवणीनंतर पहिल्या आठवड्यात आणि पुढे दर मोसमाच्या सुरुवातीला सगळे नट पान्याने तपासावेत.

मिनेसोटात खासगी गाड्यांची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी नाही. त्यामुळे कॅरिअर नीट बसले आहे की नाही, हे मालकाखेरीज कोणी पाहत नाही. निघण्याआधी करायची एक चाचणी मात्र कोणालाही जमते. बांधलेल्या शिडीचे मागचे टोक दोन्ही हातांनी धरून जोराने बाजूला हलवायचे. सगळी गाडी पाट्यांवर एकदम डोलली, तर सांधे धरून आहेत. नुसती शिडी हलली, तर पट्टा पुन्हा आवळायचा. शिडीबरोबर सांगाडा हलला आणि गाडी जागची हलली नाही, तर क्लॅम्प किंवा बोल्ट सैल आहेत. आणि हौदाच चासीवर सरकताना दिसला, तर शिड्या तिथेच उतरवून गाडी वेल्डरकडे न्यायची. त्या दिवशीचे काम दुसऱ्या दिवशी करता येते.